वर्दीतल्या पाहुण्याने विज्ञान दिन कसा पार पाडावा

अभिनंदन! फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात युनिटमध्ये विचारणा झाली, "जवळच्या शाळेत विज्ञान दिनाला कोण जाईल?" सगळ्यांनी आपापल्या बुटांच्या लेसकडे पाहिलं आणि तुम्ही चुकून समोर पाहिलंत. लष्करात स्वयंसेवक असेच तयार होतात. आता २८ तारखेला सकाळी साडेनवाला एका मराठी माध्यमाच्या शाळेत जाऊन साडेतीनशे मुलांमध्ये विज्ञान आणि तंत्रज्ञानाची गोडी निर्माण करायची आहे. वेळ ४५ मिनिटं. घाबरू नका, त्यातली ३५ तुमच्या वाट्याला येणारच नाहीत.

पुण्यात बदली झालेल्या माणसाला हे टळत नाही. दापोडीला सीएमई हे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, खडकीला बॉम्बे सॅपर्स, पाषाणला डीआरडीओच्या प्रयोगशाळा, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी म्हणजे एनडीए आणि उरलेल्या जागेत शाळा. नाशिककरांना देवळालीचा तोफखाना, लोणावळेकरांना आयएनएस शिवाजी. अशा गावात मुख्याध्यापकांना प्रमुख पाहुणा शोधायला लांब जावं लागत नाही. नगरसेवक बोलावला तर दुसरा नगरसेवक रुसतो, कवी बोलावला तर तो कविता म्हणतो. वर्दीवाल्याला कुणाचीच हरकत नसते.

तेव्हा कामाला लागू.

१. विषय ठरवू नका.

शाळेतून फोन येईल, "सर, विषय तुम्हीच ठरवा. मुलांना प्रेरणा मिळाली म्हणजे झालं." होकार द्या आणि फोन ठेवा. समोर कितवीची मुलं बसणार, त्यांचं सध्या काय शिकून झालंय, असले खोचक प्रश्न विचारू नका. नववीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा गतीच्या नियमांचा आहे आणि दहावीचा पहिला गुरुत्वाकर्षणाचा. देवळालीत उमेदीची वर्षं घालवलेल्या तोफखान्याच्या माणसाला हे कळलं तर त्याला आवरणं कठीण. तो सांगत सुटेल की ४५ अंशांवर सोडलेला गोळा सर्वांत लांब जातो हे फक्त वहीत खरं. मैदानात हवा आडवी येते. वाऱ्याचा वेग, हवेचं आणि दारूगोळ्याचं तापमान, एवढंच काय, पायाखालची पृथ्वी फिरतेय हेही हिशेबात धरावं लागतं. मग नववी 'ब'मधला एखादा उभा राहून विचारणार, "म्हणजे पुस्तकात चुकीचं दिलंय?" बाई त्याला डोळ्यांनीच खाली बसवणार आणि कार्यक्रमाला गालबोट लागणार.

विषय घ्या: 'विज्ञान, तंत्रज्ञान आणि राष्ट्रनिर्मिती'. यावर काहीही बोलता येतं. काही न बोलताही चालतं.

२. वर्दी कडक, पदकं सगळी.

साध्या कपड्यांत गेलात तर शिपाई तुम्हाला दाखल्याच्या खिडकीकडे पाठवेल. पदकं लावाच, कारण पहिल्या रांगेतली मुलं भाषणभर तीच मोजत बसतात. संपूर्ण कार्यक्रमात गणिताचा सराव होतो तो एवढाच.

३. पीपीटी न्या, पण तिच्यावर विसंबू नका.

स्लाइड इंग्रजीत असाव्यात आणि अक्षरं बारीक. सुरक्षेच्या नजरेतून वरिष्ठ त्या एकदा तपासतील. त्यानंतर पहिली स्लाइड उरेल आणि 'थँक यू'ची, गुलाबाच्या फुलासकट. पुढचं काम शाळेचा प्रोजेक्टर करेल. त्याची वायर तुमच्या लॅपटॉपला बसणार नाही, बसली तर संगणकाचे सर 'एक मिनिट' म्हणून दहा मिनिटं टेबलाखाली जातील आणि अखेर चित्र उमटेल तेव्हा सभागृहाच्या खिडक्यांना पडदे नाहीत हे सगळ्यांच्या लक्षात येईल. फेब्रुवारीतल्या उन्हात भिंतीवरचा अर्जुन रणगाडा आणि गोठ्यातली म्हैस एकसारखीच दिसते. तुम्ही "इथे तुम्हाला दिसेल" म्हणत राहा. मुलं सोशिक असतात, त्यांना दिसतं.

४. सत्कार ही मुख्य मोहीम समजा.

नवशिके इथे हमखास गडबडतात. त्यांना वाटतं, कार्यक्रम म्हणजे आपलं भाषण. कार्यक्रम म्हणजे सत्कार. भाषण मध्ये कुठेतरी असतं, दोन सत्कारांना टेकू म्हणून.

आधी दीपप्रज्वलन. समईतल्या पाच वातींपैकी तीन पेटतील आणि पंख्याने दोन विझतील. "पंखा बंद करा रे!" असा पुकारा होईल. पंख्याचं बटण सापडेपर्यंत काडेपेटीतल्या निम्म्या काड्या संपतील. ज्वलनाला काय लागतं, वाऱ्याने ज्योत का विझते, यावर एक अवाक्षर काढू नका. हसा आणि मेणबत्ती पुढच्याच्या हातात द्या.

मग प्रतिमापूजन. सरस्वतीशेजारी सी. व्ही. रामन यांची तसबीर असेल. घाईत तिथे कधीकधी डॉ. कलामांची लागलेली असते. बोलून दाखवू नका. दोघंही तमिळनाडूचे, दोघंही भारतरत्न, झेंडू दोघांनाही चालतो. सूत्रसंचालन करणारी दहावीतली मुलगी एका दमात सांगेल की रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन परिणामाचा शोध लावला, १९३० साली त्यांना नोबेल मिळालं आणि १९८७ पासून आपण हा दिवस साजरा करतो. तो परिणाम म्हणजे काय, हे तिला विचारू नका. ती तुम्हाला विचारणार नाही. हा सभ्य माणसांतला करार आहे.

इथे एक पथ्य पाळा. तुम्ही बॉम्बनाशक पथकात काम केलं असेल, तर हातात मावणारं रामन स्पेक्ट्रोमीटर तुम्ही पाहिलेलं असण्याची शक्यता आहे. बाटलीचं झाकणही न उघडता आत साखर आहे की स्फोटक, हे ते बाहेरूनच सांगतं. पदार्थावर लेझरचा प्रकाश टाकायचा. विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग तरंगलांबी बदलून परततो आणि हा बदल प्रत्येक पदार्थाचा वेगळा. तसबिरीतल्या माणसाचा शोध आणि तुमची नोकरी यांचा असा थेट संबंध आहे, हे तोंडातून निसटू देऊ नका. तसबिरीला हार घालून झाला आहे. आता तिला कामाला लावणं बरं दिसत नाही.

पुढे शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि शाळेच्या सुवर्णमहोत्सवातली उरलेली स्मरणिका. नारळ डाव्या हातात, गुच्छ काखेत, शाल खांद्यावर, उजवा हात सॅल्यूटसाठी मोकळा. ही कवायत घरी आरशासमोर दोनदा करून जा. परिचय करून देताना तुमचा हुद्दा काही पायऱ्या वर चढेल. कॅप्टनचा कर्नल होतो, सुभेदाराचा मेजर. दुरुस्त करू नका, इतक्या झटपट बढतीचा योग पुन्हा येणार नाही. संस्थेचे सचिव मनोगत व्यक्त करतील. त्यात संस्थेची स्थापना, पहिली पत्र्याची खोली आणि आता किती तुकड्या, हे येईल. माना डोलवा.

५. भाषण: काय बोलावं, कुठे थांबावं.

सुरुवात हिंदीत करा. मराठी येत असली तरीही. वर्दीतला माणूस अस्खलित मराठी बोलला की मुलांना तो खोटा वाटतो. मग जोश किती आहे त्याची चौकशी करा. तीनशे मुलं बेंबीच्या देठापासून ओरडतील, शेजारच्या अंगणवाडीतली पोरं दचकून रडायला लागतील आणि वातावरणनिर्मिती होईल.

आता सियाचिन काढा. उणे तापमान सांगा. मुलं "बापरे!" म्हणतील. तिथेच थांबा. साडेपाच हजार मीटरच्या आसपास हवेचा दाब जवळजवळ निम्म्यावर येतो, त्यामुळे पाणी ८२ अंशांच्या आगेमागे उकळायला लागतं आणि उघड्या पातेल्यात डाळ कितीही रटरटली तरी शिजत नाही, म्हणून चौकीवर कुकर लागतोच, हे सांगण्याचा मोह होईल. आवरा. कुकरपर्यंत गेलात की शिट्टी येते, शिट्टी आली की दाब येतो. मग मागच्या रांगेतून "पण सर, कुकरमध्ये पाणी किती अंशांना उकळतं?" असा प्रश्न येतो आणि उत्तर वातावरणाच्या दाबावर अवलंबून असल्याने पुन्हा हिशेब करावा लागतो. आपण इथे ऊर अभिमानाने भरून आणायला आलो आहोत. डाळ शिजवायला नाही.

त्यानंतर मोबाईलचे दुष्परिणाम सांगा. भाषणाची टिपणं मोबाईलवर असतील तर तो हातरुमालात धरा.

शेवटाकडे येताना "सायन्स घ्या, नाहीतर एनडीए विसरा" असं ठणकावून सांगा. प्रबोधिनीच्या लष्करी शाखेला बारावी कुठल्याही शाखेतून चालते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं ते हवाई दलाला आणि नौदलाला. ही बारीक माहिती खिशातच ठेवा. विज्ञानाची गोडी भीतीतून लागते, हे या देशातल्या पालकांनी केव्हाच सिद्ध केलं आहे.

६. प्रात्यक्षिक: शक्यतो टाळा.

टाळण्यासाठी फार कष्ट नाहीत. प्रयोगशाळेच्या कपाटाची चावी ज्या सरांकडे असते, ते त्या दिवशी मतदारयाद्यांच्या कामावर असतात. कपाटाच्या काचेतून भिंगं, एक लंबक आणि धूळ बसलेला मानवी सांगाडा दिसतो. तेवढं दर्शन पुरे.

खरी जोखीम तुमच्याकडूनच आहे. विशेषतः तुम्ही सॅपर, म्हणजे लष्करातले अभियंते, असाल तर. सॅपरला बाक, पट्टी आणि पोरं एकत्र दिसली की त्याचे हात शिवशिवतात. त्याला बेली पूल आठवतो. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली नावाच्या इंग्रज अभियंत्याने काढलेली ही युक्ती: दहा फूट लांब, पाच फूट उंच पोलादी चौकट, वजन सुमारे २६० किलो, म्हणजे सहा जणांनी उचलून न्यावी अशी. चौकटीला चौकट जोडायची, पिना ठोकायच्या. पलीकडच्या काठावर कुणी नसलं तरी चालतं. पूल याच काठावर जोडायचा आणि रोलरवरून हळूहळू पलीकडे ढकलायचा. पुढचं हलकं नाक हवेत तरंगत जातं आणि काठावरचा भाग जड असल्यामुळे पूल पाण्यात कोसळत नाही.

आणि मग तो सॅपर काय करतो? पहिल्या बाकावरची तीस सेंटिमीटरची पट्टी उचलतो आणि बाकाच्या कडेवरून बाहेर सरकवायला लागतो. दहा सेंटिमीटर. बारा. चौदा. पंधरा ओलांडली की पट्टी खाली. "आता?" असं विचारून तो तिच्या मागच्या टोकावर डस्टर ठेवतो. पट्टी वीसच्या पुढे जाते आणि तरी पडत नाही. इथे माईक विसरला जातो. कुणीतरी डस्टरवर कंपासपेटी ठेवतो. दुसरा म्हणतो, दोन पट्ट्या रबरबँडने बांधू. तिसऱ्या बाकावरची मुलं उभी राहतात, दहाव्या बाकावरची बाकावर चढतात, मुलींच्या रांगेतून एक डबा येतो, त्यात पोळीभाजी असल्याने तो जास्त जड असतो आणि तो ठेवल्यावर पट्टी आणखी दोन बोटं पुढे जाते. "हाताची घडी, तोंडावर बोट!" असं पर्यवेक्षक तीनदा ओरडतात तरी ऐकू जात नाही. शाळेच्या शिस्तीचं असं नुकसान भरून यायला पंधरवडा लागतो. मुख्याध्यापक तुम्हाला पुन्हा बोलावणार नाहीत. यात काहींना फायदा दिसेल, पण आपण आदर्श पाहुणा होण्याच्या मार्गावर आहोत.

पट्टीवर थांबलात तरी ठीक. पुढे उदाहरणं देऊ नका. एल्फिन्स्टन रोड स्थानकावर २०१७ सालच्या चेंगराचेंगरीनंतर लष्कराने याच पद्धतीचा पादचारी पूल उभा केला आणि तो २७ फेब्रुवारी २०१८ ला, म्हणजे विज्ञान दिनाच्या आदल्या दिवशी, लोकांसाठी खुला झाला, हे सांगितलंत तर ज्यांचे काका-मामा परळला कामाला जात होते ती पोरं घरी जाऊन विचारतील.

आणि मुलींच्या रांगेसमोर वायनाडचा विषय तर नकोच नको. ३० जुलै २०२४ ला तिथे दरडी कोसळल्या आणि दोनच दिवसांत मद्रास सॅपर्सनी चूरलमलाला १९० फुटांचा, २४ टनांचा भार पेलणारा बेली पूल उभा केला. त्या तुकडीत पारनेर तालुक्यातल्या मेजर सीता शेळके होत्या, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनीअर. पारनेर म्हणजे एसटीने जाता येईल असं ठिकाण. एवढ्या जवळची बाई एवढा पूल बांधते हे कळलं की पोळीभाजीचा डबा देणारी ती मुलगी पट्टीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागते आणि आपल्याला पुढच्या कार्यक्रमाला उशीर होतो. त्यापेक्षा धीर धरा. यथावकाश मेजर शेळके सामान्यज्ञानाच्या पुस्तकात येतील. 'वायनाडच्या पूलबांधणीत सहभागी असलेल्या महाराष्ट्रकन्येचे नाव लिहा.' गुण एक.

७. प्रश्नोत्तरं.

वेळ उरणार नाही. उरलाच तर बाईंनी आदल्या दिवशी चिठ्ठ्या वाटलेल्या असतात. "आपणास सैन्यात जाण्याची प्रेरणा कोठून मिळाली?" हे मूल चिठ्ठीतून वाचेल आणि तुम्ही पाठ केलेलं उत्तर द्याल. कुणाचंच काही बिघडत नाही.

चिठ्ठीबाहेरचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला: "सर, तुम्ही किती जणांना मारलं?" दुसरा: "पगार किती?" दोन्हींवर शिक्षक हसत हसत दात-ओठ खातील, तुम्हीही हसा. भीती तिसऱ्या प्रश्नाची. १५ जानेवारी २०२५ ला खडकीच्या बीईजी केंद्रावर, म्हणजे बॉम्बे सॅपर्सच्या घरी, सेनादिनाचं संचलन झालं. त्यात चार पायांची यंत्रं चालत गेली आणि ती पाहिलेला एखादा सहावीतला मुलगा तेव्हापासून नीट झोपलेला नाही. तो विचारणार, "सर, तो रोबोट कुत्रा बर्फात गेला तर त्याची बॅटरी लवकर उतरते का?" हा मुलगा घातक आहे. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, महाबळेश्वरला बाबांचा मोबाईल चाळीस टक्क्यांवर असताना बंद पडला तो यामुळेच, असं उत्तर दिलंत तर तो लगेच पुढचा प्रश्न काढेल. अशा वेळी एकच शब्द लक्षात ठेवा: "गोपनीय." चेहरा गंभीर करून म्हणा. टाळ्या पडतात.

एखादी मुलगी विचारेल, "आम्हाला एनडीएला घेतात का?" खडकवासल्याहून ३० मे २०२५ ला पहिल्या १७ मुली उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या शेजारी बसलेल्या सचिवांना ठाऊक नाही आणि ते तुमच्या आधीच माईक ओढून मुलींसाठी नर्सिंग कसं उत्तम, हे सांगायला लागतील. ज्येष्ठांना मध्येच तोडू नये.

८. परदेशाचं अनुकरण नको.

कुणी शहाणा सांगेल की अमेरिकेत संरक्षण खात्याच्या पैशाने स्टारबेस नावाचा उपक्रम चालतो. १९९१ साली मिशिगनमधल्या सेल्फ्रिज तळावर तो सुरू झाला आणि तिथे मुख्यतः पाचवीच्या मुलांना तळावरच बोलावून २५ तास विज्ञान करायला देतात, स्वतःच्या हाताने. पंचवीस तास! एवढ्या वेळात आपल्याकडे तेहतीस शाळांचे विज्ञान दिन उरकून, वर हार-तुरे मोजायला सवड उरते. शिवाय तळावर मुलांना न्यायचं म्हणजे बस आली, संमतीपत्रं आली, आणि मुलांनी खऱ्या वस्तूंना खरोखर हात लावण्याची शक्यता आली.

९. फोटो.

याबाबतीत हयगय नको. विज्ञानाचे फोटो तीन प्रकारचे: पाहुणा भिंगातून बघताना, पाहुणा मुलाच्या डोक्यावर हात ठेवताना आणि पाहुणा परीक्षानळी उजेडाकडे धरून बघताना. नळीत मोरचुदाचं पाणी असतं, निळंशार. बाईंनी सकाळीच विरघळवून ठेवलेलं असतं, नळी त्यासाठीच कपाटाबाहेर राहिलेली असते. त्यात बघण्यासारखं काही नाही, तरी भुवया आक्रसा. फोटोत मागे मुलगी हवी, चष्मा असलेला मुलगा हवा आणि फलक पूर्ण यायला हवा. फलकावर प्रायोजकाचं नाव रामन यांच्या नावापेक्षा मोठं असेल, तेव्हा ते झाकलं जाणार नाही असे उभे राहा.

१०. अहवाल.

शाळा लिहील, ३५० विद्यार्थ्यांनी लाभ घेतला. तुमचं युनिट ४०० लिहील. स्थानिक पुरवणीत 'शेकडो विद्यार्थी भारावले' असं येईल, तुमचं आडनाव चुकवून. कात्रण केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाईल आणि अंगठ्यांचा पाऊस पडेल. अहवालाच्या नमुन्यात स्थळ, वेळ, मान्यवर, उपस्थिती आणि 'फलश्रुती' एवढेच रकाने असतात. फलश्रुतीत लिहा: 'विद्यार्थ्यांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन रुजला.' भूतकाळ वापरा. 'रुजेल' लिहिलं तर कुणीतरी पुढच्या वर्षी बघायला येतं.

११. आवराआवर.

मुलांना पार्ले-जीचे पुडे वाटून होईपर्यंत थांबा, त्याआधी निघालात तर गेटवर गर्दीत सापडाल. नारळ ड्रायव्हरला द्या, नाहीतर तो परतीच्या प्रत्येक गतिरोधकावर सीटखाली गडगडत राहतो. स्मरणिका मेसच्या वाचनकक्षात ठेवता येते. शाल मात्र प्लॅस्टिकमधून काढू नका, किमतीचा स्टिकर तेवढा खरवडून टाका. ८ मार्चला युनिटमध्ये महिला दिन आहे आणि पाहुण्या बाईंसाठी शाल आणायची कुणाच्याच लक्षात नसते.